लिंकनचं ते हेडमास्तरांना पत्र, खरं काय ते सांगतो

महाल भागातल्या आमच्या शाळेत जिन्याजवळ एक पत्र फ्रेम करून लावलं होतं, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिंकनने मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी हेडमास्तरांना, पोराला काय काय शिकवा हे सांगत लिहिलं म्हणतात ते, काच तडकलेली, आणि आता शिक्षकदिन आला की नागपूरच्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर तेच फिरतं, म्हणून लिहितोय. अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना असं पत्र लिहिल्याचा काहीच पुरावा नाही. १९५३ मध्ये त्याचं समग्र लेखन छापलं गेलं, त्यातही ते नाही. आणि तो राष्ट्राध्यक्ष झाला १८६१ मध्ये, तेव्हा थोरला रॉबर्ट १७ वर्षांचा, हार्वर्डमध्ये शिकत होता, मग शाळेचा पहिला दिवस कुठला हो?

खरा लिंकन सांगा ना पोरांना! स्वतःची शाळा जेमतेम वर्षभराची, १८३६ मध्ये वकिलीची सनद, मग इलिनॉय राज्यात घोड्यावर फिरून कोर्टं केली. १८५८ च्या खुनाच्या खटल्यात साक्षीदार म्हणाला, चांदण्यात सगळं स्पष्ट दिसलं, तर लिंकनने पंचांग उघडून ज्युरीला दाखवलं की त्या वेळी चंद्र मावळतीला आला होता. आरोपी सुटला, आणि तो जुन्या मित्राचा मुलगा म्हणून लिंकनने फीसुद्धा घेतली नाही. मला तर हेच भिंतीवर हवंय.