पेंड बदलली आणि गाय बिघडली? गोणी परत आणण्याआधी हे वाचा

(विट्यातील आमच्या पशुखाद्य दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नवी गोणी फोडली, तिसऱ्या दिवशी गाईनं वैरण सोडली, शेण पातळ झालं आणि डेअरीवर फॅट ३.८ वरून ३.१ वर आली. मग उरलेली गोणी मोटरसायकलवर टाकून दुकानात यायचं आणि सांगायचं, "पेंड खराब निघाली, बदलून द्या." ही तक्रार आमच्याकडे वर्षभर येते, बेंदराच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत जास्त. आम्ही गोणी उघडतो, वास घेतो, गोळी मोडून बघतो. बहुतेक वेळा पेंडीत दोष सापडत नाही. दोन-चार प्रश्न विचारले की उलगडा होतो. जुनी पेंड काल रात्री संपली, आज सकाळपासून नवी चालू केली आणि तीही पूर्ण मापानं.

खाद्य असं एका दिवसात बदलणं हीच आपल्या भागातली सगळ्यात महाग चूक आहे. गाईचं पोट कसं चालतं हे एकदा लक्षात आलं तर ती पुन्हा होणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो. सगळं म्हशीलाही लागू आहे.

गाय काय पचवते आणि कोण पचवतं

गाईच्या पोटाचे चार कप्पे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेत: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. आपल्या पोटासारखं आम्ल फक्त चौथ्यात, म्हणजे खऱ्या पोटात असतं. पण सगळा कारभार पहिल्या कप्प्याचा. मोठ्या गाईचं कोटीपोट शंभर-दीडशे लिटरचं असतं आणि पोटाची डावी बाजू जवळजवळ सगळी तेच व्यापतं.

कडबा पचवायची ताकद गाईत स्वतःत नाही. ते काम कोटीपोटातले जिवाणू करतात. तिथं हवा नाही, ऊब आहे, ओल आहे आणि सतत खाद्य येतंय. परसातली गोबरगॅसची टाकी चालते तसंच हे चालतं. थेंबाथेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. ते वैरण कुजवतात आणि त्यातून जी सौम्य आम्लं तयार होतात ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. गाईला लागणाऱ्या ताकदीचा सुमारे ७० टक्के वाटा या आम्लांतून येतो. चोथ्यापासून होणाऱ्या आम्लातून दुधाची फॅट तयार होते. पिठूळ दाण्यापासून होणाऱ्या आम्लातून दुधातली साखर, म्हणजे पर्यायानं लिटर वाढतात. पुढं हे जिवाणूच वाहत खऱ्या पोटात जातात, तिथं मरतात आणि गाय त्यांनाच प्रथिन म्हणून पचवते.

म्हणजे आपण गव्हाणीत जे टाकतो ते आधी जिवाणूंना घालतो. ते जगले तर गाय जगते.

आता मुद्द्याचं. चोथा पचवणारे जिवाणू वेगळे आणि भरडा, गोळी, भात असं पिठूळ पचवणारे वेगळे. पिठूळवाले फार झपाट्यानं वाढतात, काही तासांत. मक्याचा भरडा एकदम वाढला की ते भराभर आम्ल करतात, त्यात लॅक्टिक आम्लही येतं. लॅक्टिक आम्ल खाऊन संपवणारे जिवाणूही कोटीपोटात असतात, पण त्यांची संख्या वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा वेळ दिला नाही तर आम्ल साचतं. निरोगी कोटीपोटाचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६ ते ७ च्या दरम्यान असतो. तो ६ च्या खाली आला की चोथा पचवणारे जिवाणू काम टाकतात, साडेपाचच्या खाली गेला की गाय आजारी दिसायला लागते आणि ५ च्या खाली जिवावर बेततं.

आम्ल मारायची सोय निसर्गानं दिलेली आहे, ती म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते आणि त्या लाळेत आपल्या खाण्याच्या सोड्यासारखाच क्षार असतो. पण लाळ सुटते चावण्यानं, रवंथ करण्यानं. गाय रोज सात-आठ तास रवंथ करते ती त्यासाठी. लांब धाग्याची वैरण असेल तरच रवंथ होते. इथं दुसरी चूक पहिलीला येऊन मिळते: नवी महागाची पेंड चालू केली म्हणून लोक वैरण कमी करतात. आम्ल वाढवलं आणि लाळ कमी केली, असं दोन्ही एकाच आठवड्यात होतं. मग फॅट पडते. लिटर कधी कधी आधी थोडे वाढतात, त्यामुळं शंका येत नाही. दहा दिवसांचं बिल हातात आल्यावर ३.५ फॅटच्या खालची कपात दिसते आणि राग पेंडीवर निघतो.

मग बदलायची कशी

पहिले चार दिवस तीन भाग जुनी आणि एक भाग नवी. पुढचे चार दिवस निम्मी-निम्मी. त्यापुढचे चार दिवस एक भाग जुनी आणि तीन भाग नवी. मग पूर्ण नवी. कडब्यावरून मुरघासावर (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यावर) जाताना किंवा वाड्यावरून (उसाच्या हिरव्या शेंड्यांवरून) हिरव्या मक्यावर येताना याहून सावकाश, पंधरा ते वीस दिवस घ्या. गाय व्यायल्यावर खुराक वाढवताना रोज अर्ध्या किलोहून जास्त वाढवू नका, दूध कितीही चढत असलं तरी. दिवसाची पेंड दोनऐवजी तीन वेळा विभागून दिली तर आणखी चांगलं, आणि आंबोणाआधी (भिजवलेल्या पेंडीआधी) थोडी सुकी वैरण तोंडात पडू द्या.

यासाठी जुनी पेंड शिल्लक असावी लागते. म्हणून आमचं सगळ्यांना एकच सांगणं आहे: गोणी पाव राहिली की या, रिकामी झाल्यावर नको. एरवी घेता तीच पेंड आमच्याकडे संपली असेल तर आम्ही दुसरी गोणी हातात देऊन मोकळे होत नाही. आधी विचारतो, घरी जुनी किती आहे? काहींना हे आवडत नाही, "पैसे देतोय, गोणी द्या की" म्हणतात. पण गाय बसली तर गोणीच्या नफ्यात काय उरतं, तुम्हाला आणि आम्हालाही? दूध किती, वेत कितवं, गाभण किती महिने, वैरण कोणती, हे आम्ही विचारतो तेही त्यासाठीच. ढोबळ हिशेब असा: गाईला शरीर राखायला एक-दीड किलो आणि दर अडीच-तीन लिटर दुधामागं एक किलो, म्हशीला दर दोन लिटरमागं एक किलो. पाच लिटरच्या गाईला आठ किलो पेंड कुणी मागितली तर आम्ही कमी घ्या म्हणून सांगतो.

बेंदूर, लग्न, जत्रा

बेंदराला बैलाला पुरणपोळी खाऊ घालणं ही आपली रीत आहे आणि ती राहावी. एक-दोन पोळ्यांनी काही होत नाही. पण घरातल्या प्रत्येकानं ताट भरून घातलं, शेजारच्यांनी आणून घातलं, की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन जातो. लग्नातला उरलेला भात, चपात्या, बुंदी पाटीनं गव्हाणीत ओतणं तर फारच धोक्याचं. अन्न वाया जाऊ नये ही भावना खरी असते, आणि त्यातूनच दावणीचं चांगलं जनावर गेलेलं या भागानं पाहिलंय. भरड्याच्या पोत्याला रात्री सुटून तोंड लावलेल्या गाईचंही तेच.

जास्त खाल्लेलं कळलं की चारा-खुराक बंद करा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. गाय वैरण तोडते, रवंथ थांबते, डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खोलगट भागावर) हात ठेवला तर पोट हलत नाही, शेण पातळ, फिकट आणि आंबूस वासाचं येतं, डोळे खोल जातात, पुढं ती बसते आणि उठत नाही. इतकं व्हायची वाट बघू नका, बारा ते चोवीस तासांत खेळ संपू शकतो. ताकद यावी म्हणून गूळपाणी तर बिलकूल पाजू नका. गूळ म्हणजे त्याच जिवाणूंना आणखी खाद्य. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तो गोठ्यात भिंतीवर लिहून ठेवा.

आपल्या भागातली वैरण

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून खानापूर-आटपाडीकडेही ऊस आणि मका वाढला. पूर्वी शाळूच्या कडब्यावर गाई पोसायच्या, आता गळीत हंगामात वाड्यावर. वाडं स्वस्त आहे, पोट भरतं, पण त्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त. ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकतं, ते शेणावाटे निघून जातं. चार महिने नुसत्या वाड्यावर असलेली गाय हंगाम संपता-संपता उलटायला लागते (भरवूनही गाभण राहत नाही) किंवा व्यायल्यावर बसते, त्याचं एक मोठं कारण हे. वाड्याबरोबर थोडा कडबा किंवा लसूण घास द्या आणि खनिज मिश्रण रोज द्या, दुभत्या गाईला साधारण ५० ते १०० ग्रॅम. आमच्याकडे ते किलोच्या पुड्यातही मिळतं. खाण्याचा सोडा मात्र सरसकट घालू नका. खुराक भरपूर असलेल्या जास्त दुधाच्या गाईला डॉक्टरांना विचारून १०० ते १५० ग्रॅम ठीक आहे, पाच-सहा लिटरच्या गाईला वैरण नीट असेल तर त्याची गरज नसते.

कुट्टी (वैरणीचे कापलेले तुकडे) एक-दोन इंचांची ठेवा. यंत्रातून अगदी भुगा काढला तर गाय चावत नाही, गिळते. आणि पाणी पुढ्यात असू द्या. उन्हाळ्यात दुभती गाय ६० ते १०० लिटर पिते, दोन बादल्यांनी तिचं भागत नाही.

पोट फुगणं, तार आणि बुरशी

कोवळा, ओला लसूण घास उपाशीपोटी भरपूर खाल्ला की फेस होऊन पोट फुगतं, गायीला ढेकर देता येत नाही. आधी सुकी वैरण, मग घास, आणि तोही सुकवलेला, एवढं पाळलं तर हे टळतं. डावी भकाळी ढोलासारखी झाली, जीभ बाहेर आली तर क्षणभरही थांबू नका. तेल पाजायचं तर फक्त उभ्या जनावराला, जीभ न ओढता, थोडं थोडं. बसलेल्या गाईला जबरदस्तीनं ओतलेलं तेल फुफ्फुसात जातं, मग पोट उतरलं तरी गाय हातची जाते. फोनवरून "पोटफुगीची बाटली द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही आधी डॉक्टर आले का, हेच विचारतो. घशात बटाटा किंवा उसाचा तुकडा अडकला असेल तर बाटलीनं काहीच होणार नाही.

गाय दातांनी निवडून खात नाही, जिभेनं ओढून गिळते. त्यामुळं कडब्याच्या पेंढीला बांधलेली तार, खिळा, सगळं आत जातं आणि जड म्हणून जाळीपोटात बसतं. जाळीपोटापुढं पातळ पडदा आणि त्यापलीकडे लगेच हृदय. वैरण बांधायला तार वापरू नका. गोणी उघडताना निघालेली सुतळी आणि प्लॅस्टिकही गव्हाणीत पडू देऊ नका.

युरियाच्या रिकाम्या पोत्यात पेंड किंवा भरडा भरून ठेवायची सवय कृपा करून सोडा. आम्ही रिकाम्या स्वच्छ गोण्या देतो, मागून घ्या.

गोणी जमिनीवर ठेवली, भिंतीला टेकवली तर पावसाळ्यात खालून ओल धरते आणि बुरशी येते. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष गाईच्या यकृताला मारतं आणि दुधातही उतरतं. लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, तोंड बांधा.

गोणी परत घेण्याबद्दल

फोडलेली गोणी आम्ही परत घेत नाही. तुमच्या गोठ्यात ती कशी राहिली ते आम्हाला ठाऊक नसतं आणि तीच गोणी उद्या दुसऱ्याच्या गाईपुढं जाणार असते. पण फोडताच गोळीला बुरशी, कुबट वास, गाठी किंवा आत ओल दिसली तर त्याच दिवशी आणा, न बोलता बदलून देऊ. न फोडलेली गोणी पावतीसह कधीही.

तक्रार घेऊन येताना या गोष्टी बरोबर आणा: गोणीतली ओंजळभर पेंड कोरड्या पिशवीत, गोणीवरचं लेबल किंवा त्याचा मोबाइलवर फोटो, मागच्या दहा दिवसांच्या डेअरीच्या फॅट-एसएनएफच्या (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) चिठ्ठ्या, आणि मागच्या चार दिवसांत गाईला काय काय घातलं ते सांगू शकेल असा घरातला माणूस. बहुतेक घरांत गव्हाण भरतात त्या वहिनी किंवा आई, म्हणून त्यांनाच घेऊन आलात तर निम्मा वेळ वाचतो. त्या येऊ शकत नसतील तर दुकानातून फोन लावून द्या, आम्ही त्यांच्याशीच बोलतो.