खाण तोट्यात आहे हे कोण ठरवतं?

मार्च १९८४च्या पहिल्या दिवशी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची कॉर्टनवुड कोळसाखाण बंद होणार असं जाहीर झालं. कारण दिलं गेलं ते तोट्याचं. काही दिवसांतच खाणकामगारांचा संप ब्रिटनभर पसरला आणि तो वर्षभर चालला.

संप चालू असतानाच, जानेवारी १९८५मध्ये, डेव्हिड कूपर, ट्रेव्हर हॉपर, टोनी लो आणि आणखी दोन अभ्यासकांनी 'अकाउंटन्सी' या लेखापालांच्या मासिकात एक लेख लिहिला. विषय वरवर रुक्ष होता : सरकारी मालकीच्या खाणी चालवणाऱ्या नॅशनल कोल बोर्डाचं 'एफ २३' हे खाणनिहाय नफातोटा पत्रक. या तोट्यात नेमकं काय काय धरलंय, एवढंच त्यांनी तपासलं.

मुख्यालय आणि विभागीय कार्यालयांच्या खर्चाचा वाटा प्रत्येक खाणीच्या नावावर टाकलेला होता. खाण बंद केली म्हणून हा खर्च थांबत नाही. तो उरलेल्या खाणींवर चढतो आणि मग कालपर्यंत बरी चाललेली एखादी खाणही तोट्यात दिसू लागते. जुन्या खोदकामामुळे जमीन खचते, घरांना तडे जातात. त्याची भरपाईसुद्धा आजच्या कोळशाच्या खर्चात मिळवलेली होती. खाणीला उद्या टाळं लागलं तरी ती द्यावीच लागणार होती.

कुणी खोटे आकडे लिहिले, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. खाण बंद केल्यावर किती पैसे वाचतील, या प्रश्नाचं उत्तर त्या पत्रकात नव्हतं आणि तरीही निर्णयाच्या वेळी तेच पुढे केलं जात होतं. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू ग्लिन यांनी हिशेब आणखी रुंद केला. कामगार बेकार झाल्यावर सरकारला द्यावा लागणारा भत्ता आणि बुडणारा कर त्यांनी त्यात धरला. बोर्डाच्या वहीतून गेलेला खर्च देशाच्या वहीत येऊन बसत होता. कॉर्टनवुड मात्र १९८५मध्ये बंद झालीच.

या सगळ्या वहीखात्यांत एक रकाना नव्हता, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रिटिश वीजकेंद्रांतल्या कोळशाच्या धुरातलं गंधक वाऱ्यासोबत नॉर्वेपर्यंत जाई, आम्लपाऊस होऊन पडे आणि तिथल्या तळ्यांतले मासे मरत. तो खर्च ना खाणीच्या नावावर लागत होता, ना वीजकेंद्राच्या.

अशा निसटलेल्या खर्चांचा अभ्यास आज लेखांकनाची एक स्वतंत्र शाखा बनला आहे. रॉब ग्रे यांनी १९९१मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात त्यासाठी संशोधन केंद्र उभारलं. कंपन्यांनीही काही प्रयोग केले. बूट आणि खेळाचे कपडे विकणाऱ्या 'प्यूमा'ने २०१०च्या व्यवहारासाठी पर्यावरणाचं नफातोटा पत्रक मांडलं. पाणी, हरितगृह वायू, जमिनीचा वापर, हवेचं प्रदूषण आणि कचरा यांची किंमत निघाली १४.५ कोटी युरो. तिच्यातला जेमतेम ६ टक्के भाग कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयं-दुकानांचा होता. बाकी ९४ टक्के पुरवठादारांकडचा, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा चामडं, कापूस, रबर अशा कच्च्या मालाचा.

निसर्गाला असा भाव लावण्यावर या शाखेतच जोरदार वाद आहे. नदीची किंमत युरोत लिहिली की तेवढे पैसे भरून ती संपवायला हरकत नाही, असा अर्थ काढला जाण्याची भीती अनेकांना वाटते. ही भीती मला रास्त वाटते. पण रकानाच नसला तर नदी फुकट धरली जाते, आणि कॉर्टनवुडच्या वेळी नॉर्वेतल्या तळ्यांचं तेच झालं.

भारतात सेबीने २०२२-२३पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. स्वतःच्या कारखान्यातलं पाणी, ऊर्जा, कचरा, अपघात हे सारं त्यात द्यावं लागतं. पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असं आधी ठरलं होतं. मार्च २०२५मध्ये सेबीने ती ऐच्छिक केली. प्यूमाचे ९४ टक्के नेमके तिथेच सापडले होते.