प्रशिक्षण उपाहारगृह

हॉटेल व्यवस्थापन किंवा पाककला शिकवणाऱ्या संस्थेतले असे उपाहारगृह, जिथे विद्यार्थीच स्वयंपाक करतात, विद्यार्थीच वाढतात आणि बाहेरचे लोक पैसे देऊन जेवतात. हा शब्द कागदावरचा; बोलताना 'ट्रेनिंग रेस्टॉरंट' किंवा नुसते 'कॉलेजचं हॉटेल' म्हणतात. कँटीनशी त्याची गल्लत करू नये. कँटीन ठेकेदार चालवतो आणि तिथे कोणाला गुण मिळत नाहीत. इथे ताट बाहेर येण्याआधी शिक्षकाच्या नजरेखालून गेलेले असते आणि वाढणाऱ्याच्या वहीत त्या दिवसाचा शेरा पडायचा असतो. गिऱ्हाईक हे इथले शिकवण्याचे साधनच असते. त्याला भूक लागलेली असते, तो घाईत असतो, मीठ कमी पडले तर तोंडावर सांगतो. फळ्यावर शिकवता येत नाही ते एवढेच.

हॉटेलच्या कामाची स्वतंत्र शाळा काढण्याची कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १८९३ साली अशी शाळा सुरू झाली. तिच्या आवारातल्या 'ले बेर्सो दे सांस' या विद्यार्थ्यांच्या रेस्टॉरंटला २०१९ मध्ये मिशेलिनचा तारा, म्हणजे उत्तम रेस्टॉरंटला मिळणारा मान, मिळाला. अमेरिकेत १९४६ साली, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना रोजगाराचे शिक्षण द्यावे म्हणून पाककलेची संस्था निघाली, तीच पुढे क्युलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका झाली. भारतात लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेने १९५४ साली मुंबईत पहिली संस्था काढली. केंद्र सरकारच्या संस्थांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा १९८२ पासून राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषद पाहते. स्वयंपाकघरातली कामाची उतरंड, म्हणजे एक मुख्य शेफ, त्याच्या हाताखाली सॉसचा, भाज्यांचा, गोडाचा अशी वेगवेगळी माणसे, ही फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिये (१८४६–१९३५) यांनी बसवलेली घडी सगळीकडे चालते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हॉटेलचे शिक्षण पूर्वी खानावळीतच मिळे. 'खानावळ' हा शब्द मराठीत आणि उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये जवळजवळ सारखाच चालतो, हेही पाहण्यासारखे आहे. पोऱ्या म्हणून आलेला मुलगा आधी कपबशा विसळी, मग टेबले पुसी, मग पाणी ठेवी. भट्टीजवळ जायला वर्षे लागत. कोणी काही शिकवत नसे, बघून हाताला यायचे. मीठ किती, तर 'अंदाजानं'. आजचा विद्यार्थी ग्रॅममध्ये लिहिलेली प्रमाणित कृती घेऊन उभा राहतो आणि तीन वर्षांत पदवी घेतो. सीमाभागातली मुले बेळगावबरोबरच हुबळी-धारवाड, सुमारे ११० किलोमीटरवरचे कोल्हापूर किंवा चोर्ला घाट उतरून गोवा अशी कुठेही शिकायला जातात, आणि औद्योगिक प्रशिक्षणासाठी बहुतेकांची नजर गोव्याच्या हॉटेलांवर असते.

शिक्षणाच्या पायऱ्या स्वयंपाकघरांप्रमाणे पडतात. पहिल्या वर्षी मूलभूत स्वयंपाकघर: सुरी धरणे, भाजीचे काप, स्टॉक (हाडे किंवा भाज्या उकळून काढलेले पाणी), पाच मूळ सॉस. दुसऱ्या वर्षी पंक्तीच्या मापाचा, मोठ्या प्रमाणावरचा भारतीय स्वयंपाक. तिसऱ्या वर्षी युरोपीय आणि इतर परदेशी पदार्थ. उपाहारगृहात त्या दिवशी काय मिळेल ते या वेळापत्रकावर ठरते. बेत ठरलेला असतो. वर्गात चिनी चालू असेल तर चिनीच. बहुतेक ठिकाणी दुपारचेच जेवण असते, आधी सांगून जागा धरावी लागते, आणि परीक्षा व सुट्टी आली की दार बंद.

दिवस सुरू होतो तो 'ब्रीफिंग'ने. नखे, दाढी, बूट, मुलींचा अंबाडा तपासला जातो. खिशात पेन, काड्यापेटी आणि बाटली उघडायचे हत्यार आहे ना, ते पाहतात. आजच्या बेतातला प्रत्येक पदार्थ कशाचा, हे वाढणाऱ्याला पाठ असावे लागते, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारते. ऑर्डर 'केओटी'वर, म्हणजे किचन ऑर्डर तिकिटावर, उतरते. तिच्या तीन प्रती: एक स्वयंपाकघरात, एक कॅशियरकडे, एक वाढणाऱ्याजवळ. प्रत चुकली की भांडण स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल यांच्यात लागते, आणि ते कोणत्याही खऱ्या हॉटेलात लागते तसेच असते. आगाऊ चिरून, भाजून, मोजून ठेवण्याला मुले फ्रेंच उच्चाराने 'मीझां प्लास' म्हणतात. खानावळवाला यालाच 'तयारी' म्हणे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ अशा उपाहारगृहालाही लागू असतो. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये अन्न फार वेळ ठेवायचे नाही, हे पहिल्या वर्षीच घोकून घेतात.

खरी गंमत वाढण्यात आहे. सिल्व्हर सर्व्हिसमध्ये वाढपी डाव्या हाताने तबक धरतो, जेवणाऱ्याच्या डावीकडून चमचा-काट्याच्या चिमट्याने वाढतो, आणि रिकामी ताटली उजवीकडून उचलतो. पेय उजवीकडून. मराठी घरातल्या मुलाला डावी-उजवी ही बाजू नवी नाही. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. ही शिस्त त्याने आजीच्या हातून पाहिलेली असते. फरक एवढाच, की पंगतीतली डावी-उजवी पदार्थाची असते आणि इथली वाढणाऱ्याची. शिवाय पंगतीत आग्रह करायचा असतो. 'आणखी एक घ्या हो' म्हटले नाही तर यजमानाला कंजूष म्हणतात. इथे आग्रह केला तर गुण कापले जातात. विचारायचे एकदा आणि गप्प राहायचे. नव्या मुलांना सर्वांत जड जाते ते हेच, आणि ते जड जाणे मला तरी बरे वाटते.

भाषेची त्रेधा वेगळी. टेबलावर इंग्रजी बोलायचा नियम असतो, स्वयंपाकघरात कन्नड आणि मराठी यांची सरमिसळ, आणि दारातून वडीलधारे आत आले की नियम गळतो. 'गुड आफ्टरनून सर' म्हणून पुढे झालेला मुलगा 'काय ओ, आज गोड काय हाय?' असे ऐकतो आणि त्याच सुरात उत्तर देतो. शिक्षक ते ऐकूनही न ऐकल्यासारखे करतात.

अभ्यासक्रमात मात्र एक भोक आहे. प्रादेशिक पाककृती राज्यवार लावलेल्या असतात. कर्नाटक म्हटले की उडपी, म्हैसूर, कोडगू. महाराष्ट्र म्हटले की कोल्हापूर, मालवण. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्या रेषेवरचे ताट या दोन्ही मथळ्यांतून सहज निसटते. कडक ज्वारीची भाकरी, तेलात मुरलेली भरली वांगी म्हणजे एण्णगाई, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, लोण्याचा गोळा, आणि त्याच पंक्तीला कोल्हापुरी वळणाचा तांबडा रस्सा: हे सगळे एका ताटात इथेच बसते. गोडात दूध आटवून तपकिरी केलेला कुंदा, गोकाकचा डिंक आणि सुक्या मेव्याचा करदंट, आणि मांडे.

मांड्यांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. इतरत्र ते बहुतेकांना 'मनातले मांडे' या वाक्प्रचारापुरते ठाऊक असतात; बेळगावात ते लग्नकार्यात खरोखर ताटात पडतात. मळलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कागदासारखा पातळ करतात, उलट्या मडक्यासारख्या तापलेल्या खापरावर टाकतात, वर पिठीसाखरेचे सारण पसरतात आणि गरम असतानाच घडी घालतात. थंड झाला की मोडतो. फ्रेंच क्रेपची, म्हणजे पातळ धिरड्याची, घडी शिकवताना शेजारी हे दाखवले, तर विद्यार्थ्याला घडी कायमची समजेल. पण मांडे करणारे हात थोडे आहेत, आणि ते बहुतेक अभ्यासक्रमाबाहेर आहेत.

दर कमी असतात, कारण मजुरी द्यावी लागत नाही. गिऱ्हाईकाकडून मुख्यतः सामानाचा खर्च निघाला तरी पुरे. त्या बदल्यात वेळ द्यावा लागतो. सूप यायला अर्धा तास लागू शकतो, पाणी ओतताना टेबलावर सांडू शकते. याहून गंभीर तक्रार विद्यार्थ्यांच्या बाजूने येते. लग्नसराईत 'ओडीसी', म्हणजे बाहेरची केटरिंगची कामे निघतात आणि मुलांना रात्री उशिरापर्यंत हॉलवर उभे केले जाते. शिकणे कुठे संपते आणि फुकटची मजुरी कुठे सुरू होते, याची रेषा प्रत्येक संस्था आपल्या सोयीने ओढते. उपाहारगृहात शिक्षक डोळ्यांसमोर असतो. मंगल कार्यालयात तो असेलच असे नाही.

जेवण झाल्यावर अभिप्रायाचे कार्ड पुढे येते. सीमाभागातले गिऱ्हाईक त्यावर मराठीत 'छान', कन्नडमध्ये 'चलो ऐती' किंवा इंग्रजीत 'गुड' लिहिते. समोर पोराचा घामेजलेला चेहरा असताना दुसरे काही लिहिणे जिवावर येते. म्हणून जाणते शिक्षक कार्डे बाजूला ठेवतात आणि भांडी घासायच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहतात. पानात काय टाकले, किती टाकले, हे तिथे दिसते.