आरसी हरवली आहे आणि गाडी विकायची आहे? आधी डुप्लिकेट काढा

गिऱ्हाईक ठरलं, भाव ठरला, आणि आरसी बुक सापडत नाही. अशा वेळी एजंट हमखास म्हणतो, "साहेब, तुम्ही फॉर्मवर सह्या करून द्या, बाकी मी बघतो." इथेच थांबायचं. डुप्लिकेट आरसीसाठी अर्ज करायचा हक्क नोंदणीकृत मालकाचाच असतो. गाडी आणि पैसे हातोहात देऊन झाले की दोन्ही बाजू अडकतात. विकणाऱ्याला पुन्हा आरटीओची पायरी चढायचा कंटाळा येतो आणि घेणाऱ्याच्या नावावर गाडी होत नाही.

पहिलं काम पोलिसांकडचं. आरसी गहाळ झाल्याची नोंद करून दाखला घ्या; महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइनही होते. गाडीचा नंबर लिहिताना सावध राहा, एक आकडा चुकला तरी आरटीओत तो दाखला चालत नाही. आरसी चोरीला गेली असेल तर नुसती गहाळ नोंद पुरत नाही, रीतसर तक्रार द्या. कार्ड फाटलं किंवा पुसट झालं असेल, तर पोलिसांकडे जायचं कारण नाही. तेच कार्ड अर्जासोबत जमा करायचं.

मग परिवहन पोर्टलवर फॉर्म २६, म्हणजे डुप्लिकेट आरसीचा अर्ज. सोबत पोलीस दाखला, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि पॅन. चारचाकीसाठी मूळ फी ३०० रुपये, त्यावर स्मार्ट कार्डाचे आणि टपालाचे पैसे वेगळे. ई-चलनं थकलेली असतील तर आधी भरून टाका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही बसवून घ्या, तिच्यावाचून काम अडतं.

बहुतेकांची गाडी अडते ती मोबाइल नंबरवर. ओटीपी येतो तो वाहनाच्या नोंदीत असलेल्या नंबरवर, आणि जुन्या गाड्यांना तो नंबर कधी शोरूमवाल्याचा, कधी एजंटचा, तर कधी बंद पडलेल्या सिमचा असतो. म्हणून अर्ज भरण्याआधी पोर्टलवर तो बदलून घ्या.

कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. एनओसीही हरवली असेल तर शाखेत अर्ज देऊन नवं पत्र मागा. आणि बोजा कायम असेल, तर फॉर्म २६ वरही बँकेची संमती घ्यावी लागते.

डिजिलॉकरमधली आरसी रस्त्यात पोलिसांना दाखवायला कायद्याने चालते. तिच्या भरवशावर व्यवहार मात्र उरकू नका. मूळ कार्ड कुठे आहे, हा प्रश्न नावबदलीच्या वेळी येतोच.

डुप्लिकेट हाती आल्यावर हस्तांतरण. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, ज्यांना बाजारात टीटी फॉर्म म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असू द्या, आणि गाडी ताब्यात दिल्याची वेळ लिहिलेली वेगळी पावती घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

हे टाळण्याची किंमत मोठी असू शकते. २००७ साली विकलेली एक गाडी पुढे हातोहात फिरत राहिली, नोंदणीत नाव मात्र पहिल्या मालकाचंच राहिलं. २००९ मध्ये तिचा अपघात झाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. गाडी विकून मोकळा झालो, असं तो समजत असणार.

गाडी जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर आधी तो आरटीओकडून अधिकृत आहे का, हे विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये पोर्टलवर देता येते, आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. डीलर यासाठी टाळाटाळ करत असेल तर दुसरा बघावा, हे माझं मत.

घेणारा गोव्यातला किंवा कर्नाटकातला असेल तर याशिवाय फॉर्म २८ वर आपल्या आरटीओची एनओसी लागते. मालक हयात नसतील तर वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, मग विकायची.