मिचिनागा ‘कांपाकु’ कधी झालाच नाही

जपानच्या हेइआन काळातला (794 ते 1185) सर्वांत बलाढ्य दरबारी फुजिवारा नो मिचिनागा. तो ‘कांपाकु’, म्हणजे सज्ञान सम्राटाचा मुख्य कारभारी होता, असं सर्रास सांगितलं जातं. चूक त्याच्या रोजनिशीच्या नावातच आहे: ‘मिदो कांपाकु-की’. हे नाव त्यानं दिलेलं नाही, ते नंतरच्यांनी चिकटवलं.

प्रत्यक्षात 995 मध्ये त्याला ‘नाइरान’चा अधिकार मिळाला. सम्राटाकडे जाणारे कागद आधी त्याच्या नजरेखालून जात. पुढच्या वर्षी तो ‘डावा मंत्री’, म्हणजे दरबारातला ज्येष्ठ मंत्री झाला आणि 20 वर्षं त्याच पदावर राहिला. यात मोठी हुशारी होती. कांपाकु मंत्रिमंडळाच्या बैठका चालवत नसे, डावा मंत्री चालवी. कागदही हातात, बैठकही हातात. मग बिरुद हवं कशाला?

1016 मध्ये नातू गो-इचिजो बालवयात गादीवर आला, तेव्हा मिचिनागा ‘सेश्शो’, म्हणजे बालसम्राटाचा राजप्रतिनिधी झाला. तेही जेमतेम वर्षभर. 1017 मध्ये पद मुलाकडे, योरिमिचीकडे गेलं. खरं बळ पदात नव्हतंच, सोयरिकीत होतं. 1018 पर्यंत त्याच्या तीन मुली सम्राज्ञी झाल्या होत्या.

कांपाकु झाला तो योरिमिची. पण त्याच्या मुलीला राजपुत्र झाला नाही, आणि घराण्याची पकड तिथूनच ढिली पडत गेली.