मधमाश्या संपल्या की 4 वर्षांत माणूस संपेल, हे आइनस्टाईन बोलला होता का?

नाही बोलला. तरी पोरांच्या प्रोजेक्टच्या चार्टवर दरवर्षी हेच. आइनस्टाईन 1955 ला वारला, आणि हे वाक्य गाजलं 1994 ला, ब्रुसेल्समधल्या मधपाळांच्या आंदोलनात. आपली जळगावची केळी तर परागीभवनाशिवायच धरते, ज्वारी बरीचशी स्वतःच्याच परागावर धरते, बाजरीचं काम वारा करतो, म्हणजे लगेच उपाशी काही मरत नाही आपण. पण पोरांना शेतात नेऊन डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, मादी फूल दाखवा, त्याच्याखाली इवलंसं डांगर असतं, मधमाशी फिरकलीच नाही तर ते पिवळं पडून गळतं. आणि भरताच्या वांग्याचं फूल? त्यातला पराग मधमाशीला नीट झटकता येत नाही, तिथे काळा भुंगा कामी येतो, घूं घूं करत फूल थरथरवणारा, त्या बिचाऱ्याला मात्र चार्टवर जागाच नसते.