न शिजणारी डाळ आणि पाण्यातलं कॅल्शियम

लातूर म्हणजे तूरडाळीचं गाव. डाळमिलांच्या या गावात डाळ शिजत नाही अशी तक्रार करायची म्हणजे गंमतच. पण बोअर घेतला त्या वर्षापासून आमच्या घरी ती रोजची झाली. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी वरणात डाळ वेगळी, पाणी वेगळं. आजी म्हणायची, "पाणी जड हाय बाबा. आडाच्या पाण्यात दोन उकळ्यांत डाळ गळायची." आम्ही तिचं न ऐकता दुकान बदललं, दुकानदाराशी भांडलोही. निदान मात्र आजीचंच बरोबर होतं.

जड पाण्यात मुख्यतः कॅल्शियम असतं, आणि जोडीला मॅग्नेशियम. दोन्ही आली खडकातून. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेला आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगांतून झिरपताना खडकातलं कॅल्शियम सोबत नेतं. आडाचं पाणी वरच्या थरातलं, पावसाळ्यागणिक बदलणारं. खोल बोअरचं पाणी बहुधा खडकात जास्त काळ मुरलेलं, म्हणून जास्त जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार हा जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा.

आता डाळीकडे येऊ. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजणं म्हणजे हा डिंक सुटणं. कॅल्शियमच्या प्रत्येक आयनावर दोन धन प्रभार असतात, त्यामुळे तो पेक्टिनचे दोन धागे दोन हातांनी धरून ठेवतो. डिंक सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट होतो, मग शिट्ट्या कितीही होऊ द्या. चिमूटभर खायचा सोडा टाकला की पाणी अल्कधर्मी होतं, पेक्टिन तुटू लागतं आणि डाळ गळते. सोडा जास्त झाला तर ब१ जीवनसत्त्वाची नासाडी होते, म्हणून चिमूट ती चिमूटच.

पाणी तापवायच्या पातेल्यात जमणारा पांढरा थर, गीझरची जळणारी कॉइल, साबणाला न येणारा फेस, ही सगळी त्याच कॅल्शियमची करणी. काहीजण अशा पाण्यात तुरटी फिरवतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही.

एवढी बदनामी झालेलं हे मूलद्रव्य आपल्या अंगात सुमारे एक किलो असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. तरी शुद्ध कॅल्शियम आपण कुणी पाहिलेलं नसतं. तो चंदेरी धातू आहे, पाण्यात टाकला तर बुडबुडे काढत विरघळतो. हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये विजेच्या साहाय्याने तो पहिल्यांदा वेगळा केला. आपल्याला तो भेटतो पानाच्या चुन्यात, नाहीतर रानातल्या चुनखडीत.

चुनखडीच्या रानाचं दुखणं मला डाळीपेक्षाही नवलाचं वाटतं. सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कारण लोहाची कमतरता. मातीत लोह भरपूर असतं, पण अशा अल्कधर्मी जमिनीत ते विरघळतच नाही, मग मुळांना मिळणार कसं? म्हणून शेतकरी हिराकस पाण्यात कालवून थेट पानांवर फवारतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहच की ते!

पाणी जड करणाऱ्या या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतच पाणी मऊ करणारं खनिजही सापडतं. अजिंठ्याला पायथ्याशी चमकदार खडे विकणारे गाठतात ना, त्या खड्यांत झिओलाइट असतात. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा खडा तापवला, तर त्यातून वाफ उसळू लागली, म्हणून नाव ठेवलं 'उकळणारा दगड'. त्याच्या जाळीदार रचनेत सोडियम सैल बसलेलं असतं. जड पाणी आलं की झिओलाइट कॅल्शियम धरून ठेवतो आणि सोडियम सोडून देतो. पाणी मऊ करणारी सुरुवातीची यंत्रं याच तत्त्वावर झिओलाइट वापरून चालायची. आता त्याच्या जागी कृत्रिम राळेचे बारीक मणी असतात. मणी कॅल्शियमने भरले की मिठाचं पाणी सोडायचं, ते पुन्हा ताजे होतात.

शेजारच्या काकूंनी तसलं यंत्र बसवलंय आणि त्यांच्याकडे मिठाची गोणी येते. आमच्याकडे अजून सोड्याचीच चिमूट आहे, कुकरही तोच.